पोटॅशियम चढेना म्हणून शोध घेतला, तर कमी निघाले मॅग्नेशियम: केमोथेरपीतील क्षार आणि हृदयाचे ठोके

रानजाई

नमस्कार. माझे सासरे 62 वर्षांचे असून गालाच्या आतील बाजूच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्यांना रेडिएशन आणि त्यासोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमोथेरपी दिली जात आहे. तोंड पूर्ण सोलवटल्यामुळे तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना नाकातल्या नळीवाटे पातळ आहार दिला जातो. चौथ्या केमोनंतर तीन दिवसांनी त्यांच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, बोटे आखडू लागली आणि छातीत धडधड होते असे ते सांगू लागले. रक्त तपासले तेव्हा पोटॅशियम 2.9 आले. सलाईनमधून आणि नळीतून मिळून दोन दिवस पोटॅशियम दिल्यानंतरही ते 3.0 वरच अडकून राहिले होते.

दुसऱ्या रात्री पाळीवर आलेल्या तरुण डॉक्टर मुलीने फाइल चाळली आणि विचारले, "यांचे मॅग्नेशियम कधी पाहिले होते?" ते एकदाही पाहिलेले नव्हते. दर आठवड्याला आम्ही जी 'सिरम इलेक्ट्रोलाइट्स' नावाची तपासणी करत होतो, तिच्यात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एवढेच असते, हे मला त्या रात्री कळले. रात्रीच नमुना पाठवला, तर मॅग्नेशियम 0.9 आणि कॅल्शियम 7.4 निघाले. ईसीजीवर यंत्राने 'क्यूटीसी 514' असे छापले होते आणि त्याखाली लाल रेघ ओढलेली होती. मॅग्नेशियम सल्फेटचे सलाईन सावकाश सुरू केल्यावर दीड दिवसात पोटॅशियम 3.8 पर्यंत आपोआप वर आले. पोटॅशियमची मात्रा मात्र तीच होती, ती कुणीही वाढवली नव्हती.

सासरे आता ठीक आहेत. परंतु माझ्या मनात काही प्रश्न राहिले आहेत. मॅग्नेशियम दिल्याने पोटॅशियम कसे वाढले? केमोमुळे हृदयावर परिणाम होतो असे ऐकले होते, तो परिणाम हाच का? उरलेल्या दोन केमोंच्या वेळी आम्ही कशाकडे लक्ष ठेवावे? उपचार अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालू आहेत, मला फक्त घडले ते नीट समजून घ्यायचे आहे.

पळसफूल

रानजाईताई, मी वैद्यकशास्त्राचा डॉक्टर आहे, कर्करोगतज्ज्ञ नाही. परंतु अशा रुग्णांचे क्षार बिघडले की बोलावणे आम्हालाच येते.

सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनम धातूचे संयुग आहे आणि ते शरीराबाहेर पडते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका गाळलेल्या द्रवातून कामाचे क्षार परत रक्तात ओढून घेतात. सिस्प्लॅटिन या नलिकांच्या पेशींना इजा करते आणि त्यामुळे मॅग्नेशियम परत ओढले न जाता लघवीतून वाहून जाते. काळजी घेतली नाही तर सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांत मॅग्नेशियम कमी होते, म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत काही विचित्र घडलेले नाही. लक्षात घेण्याची बाब अशी की क्रिएटिनिन अगदी व्यवस्थित असतानाही ही गळती चालू असू शकते, म्हणून 'किडनीचा रिपोर्ट नॉर्मल आहे' या वाक्यावर विसंबून चालत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मूत्रपिंडाच्या नलिकेतील पेशींमध्ये पोटॅशियमला बाहेर जाण्यासाठी बारीक दारे असतात आणि पेशीच्या आतील मॅग्नेशियम त्या दारांत आडवे बसून बाहेरचा ओघ आवरते. मॅग्नेशियम संपले की दारे उघडी पडतात. मग वरून कितीही पोटॅशियम ओतले, तरी ते फुटक्या रांजणातल्या पाण्यासारखे निघून जाते. कॅल्शियमचेही तेच. मॅग्नेशियम फार उतरले की गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी आपले संप्रेरक पुरेसे सोडत नाहीत, शिवाय हाडेही त्या संप्रेरकाला दाद देत नाहीत, आणि कॅल्शियम घसरते. म्हणजे तीन क्षारांची तीन वेगळी दुखणी नव्हती. मूळ दुखणे एकच होते आणि ते त्या छापील तपासणीत दिसतच नव्हते.

हृदयाशी संबंध असा. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या स्नायूतील विद्युतभार पूर्ववत व्हावा लागतो, तेव्हाच पुढचा ठोका सुरळीत पडतो. ईसीजीवर क्यूटी नावाचे जे अंतर मोजतात, त्यात ठोक्याची विद्युतक्रिया सुरू झाल्यापासून ती पूर्ववत होईपर्यंतचा सगळा वेळ येतो. पोटॅशियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम कमी असले की हा वेळ लांबतो आणि लांबलेल्या वेळात चुकीच्या क्षणी एखादा जादा ठोका पडला, तर हृदयाचे खालचे कप्पे पिळवटल्यासारख्या भलत्याच लयीत जाऊ शकतात. फ्रान्सच्या देसर्तेन यांनी 1966 साली या लयीचे वर्णन केले आणि तिला 'तोर्साद द पॉइंत' असे नाव दिले. क्यूटीसी, म्हणजे नाडीच्या वेगाचा हिशेब धरून काढलेला क्यूटी, 500 मिलिसेकंदांच्या पुढे गेला की ही भीती खरी मानतात.

त्या ईसीजीच्या वेळी नाडीचा वेग किती होता आणि त्या आठवड्यात कोणकोणती औषधे चालू होती, हे कृपया कळवावे. 514 या आकड्याबद्दल मला थोडी शंका आहे.

प्रयोगशाळेतला

मी 20 वर्षे पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, म्हणून नमुन्याच्या बाजूने थोडे लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे मॅग्नेशियमची तपासणी अवघड नाही आणि फार महागही नाही. परंतु चिठ्ठीवर तिचे नाव वेगळे लिहावे लागते. न लिहिल्यास आम्ही ती आपणहून करत नाही. दुसरी गोष्ट एककांची. बहुतेक लॅब मॅग्नेशियम मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात आणि त्यात साधारण 1.7 ते 2.2 ही पातळी ठीक समजतात. काही मोठ्या रुग्णालयांत मात्र मिलिमोल प्रति लिटर हे एकक वापरतात. तिथे 1 म्हणजे आपले 2.43. लॅब बदलून एक अहवाल 0.8 चा आणि दुसरा 1.9 चा आला म्हणून घाबरून फोन करणारे लोक मी पाहिले आहेत. ते दोन्ही आकडे जवळपास सारखेच असतात.

तिसरी गोष्ट पोटॅशियमची. हाताला पट्टा फार वेळ आवळून, मूठ उघडझाप करायला लावून किंवा अगदी बारीक सुईने जोरात रक्त ओढले तर तांबड्या पेशी फुटतात किंवा हाताच्या स्नायूंतून पोटॅशियम सुटते आणि ते नमुन्यात मिसळते. मग अहवालात पोटॅशियम आहे त्याहून जास्त दिसते. केमोच्या रुग्णांच्या शिरा आधीच कडक झालेल्या असतात, त्यामुळे हा घोटाळा त्यांच्यात वारंवार होतो. याहून वाईट म्हणजे, जांभळ्या झाकणाच्या नळीतील रक्त कुणी साध्या नळीत ओतले तर त्या नळीतील रसायनामुळे पोटॅशियम भरमसाट वाढलेले आणि कॅल्शियम एकदम खाली गेलेले दिसते. असा अहवाल आला आणि रुग्ण तर ठणठणीत दिसत असला, तर औषध देण्याआधी नवा नमुना मागावा.

आणखी एक. रानजाई, तुम्ही कॅल्शियम 7.4 लिहिले आहे. त्याच दिवशीचे अल्ब्युमिन किती होते? रक्तातील कॅल्शियमचा मोठा भाग या प्रथिनाला चिकटलेला असतो. आहार कमी पडून प्रथिन उतरले की कॅल्शियमचा आकडाही त्याच्याबरोबर उतरतो, कामाचे कॅल्शियम मात्र तितके उतरलेले नसते.

रानजाई

दोघांचेही आभार. फाइल पाहून लिहिते. अल्ब्युमिन 2.9 होते. ईसीजीवर नाडी 110 आणि क्यूटी 380 असे छापलेले आहे. उलटीसाठी ऑन्डॅन्सेट्रॉन दिवसातून तीन वेळा चालू होते. शस्त्रक्रियेपासून, म्हणजे साधारण तीन महिने, पॅन्टोप्रॅझोलची ॲसिडिटीची गोळी रोज उपाशीपोटी दिली जात होती. खोकला व ताप आला म्हणून त्याच आठवड्यात लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सुरू केले होते आणि तोंडातील बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल चालू होते. याशिवाय पाच-सहा दिवस जुलाब झाले होते. ते आम्ही डॉक्टरांना सांगितलेच नाही, कारण नळीच्या आहारामुळे असे होणारच, असे आम्ही धरून चाललो होतो.

पळसफूल

आता चित्र पूर्ण झाले. आधी त्या 514 विषयी, कारण लाल रेघेमुळे तुम्ही घाबरला असाल.

क्यूटी हे अंतर नाडीच्या वेगाप्रमाणे कमी-जास्त होते, म्हणून ते 60 च्या नाडीला किती झाले असते असा हिशेब करतात आणि त्या आकड्याला क्यूटीसी म्हणतात. बहुतेक यंत्रे हा हिशेब 1920 साली बॅझेट यांनी मांडलेल्या सूत्राने करतात आणि ते सूत्र नाडी जलद असताना आकडा फुगवते. नाडी 110 म्हणजे दोन ठोक्यांत 0.545 सेकंदांचे अंतर. 380 ला त्याच्या वर्गमुळाने भागले की 514 येते. त्याच वर्षी फ्रिडेरिशिया यांनी वर्गमुळाऐवजी घनमूळ वापरणारे सूत्र सुचवले होते आणि त्याने हाच आकडा 465 येतो. कर्करोगाच्या औषधांसाठी क्यूटी पाहताना आता सहसा हे दुसरे सूत्रच पसंत करतात. पुरुषासाठी 450 च्या वर म्हणजे 465 हा लांबलेलाच आहे, काळजी घेण्याजोगाही आहे. परंतु 514 इतका धोक्याचा नाही. निव्वळ यंत्राच्या आकड्यावरून एखाद्याची केमो थांबवणे हेदेखील नुकसानच असते, म्हणून हे सविस्तर लिहिले.

कॅल्शियमचेही तसेच आहे. अल्ब्युमिन 4 पेक्षा जितके कमी, त्याच्या 0.8 पट मिळवायचे असा ढोबळ नियम आहे. तो लावला तर 7.4 चे सुमारे 8.3 होते. म्हणजे कॅल्शियम थोडेसेच कमी होते.

खरी अडचण तुमच्या औषधांच्या यादीत आहे. ऑन्डॅन्सेट्रॉन, लिव्होफ्लॉक्सासिन आणि फ्लुकोनॅझोल ही तिन्ही औषधे क्यूटी लांबवणारी आहेत. प्रत्येक औषध आपापल्या जागी योग्य होते, आणि एकेकटे दिले असते तर बहुधा काहीच झाले नसते. ऑन्डॅन्सेट्रॉनचा 32 मिलिग्रॅमचा एकच मोठा डोस शिरेतून देण्याची शिफारस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2012 साली याच कारणाने मागे घेतली. पॅन्टोप्रॅझोलच्या गटातील गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास आतड्यातून मॅग्नेशियम कमी शोषले जाते, असा इशारा त्याच संस्थेने 2011 साली दिला होता. आपल्याकडे ही गोळी सुपारीसारखी वाटली जाते आणि तिला औषध म्हणून कुणी मोजतच नाही, हे मला व्यक्तिशः फार खटकते. त्यावर जुलाब झाले, म्हणजे लघवीतून गळती, आतड्यातून गळती आणि वरून शोषणही कमी.

पुढच्या केमोआधी डॉक्टरांना एवढेच विचारा की मॅग्नेशियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन आदल्या दिवशी पाहता येईल का, सिस्प्लॅटिनच्या सलाईनमध्ये मॅग्नेशियम घालता येईल का, आणि उलटीच्या औषधाला क्यूटी न लांबवणारा पर्याय आहे का. पॅलोनोसेट्रॉनचा क्यूटीवर फारसा परिणाम होत नाही. घरी कुणीही गोळ्या बदलू नयेत.

ओवी

या धाग्याचे शीर्षक पाहून एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते, कारण रानजाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही. केमोमुळे हृदयावर होणारा परिणाम एकाच प्रकारचा नसतो.

मला स्तनाच्या कर्करोगासाठी डॉक्सोरुबिसिन दिले होते, ज्याला वॉर्डात सगळे 'लाल औषध' म्हणतात. त्या औषधाने हृदयाच्या स्नायूच्या पेशीच मरतात. त्याचा धोका एकूण मिळालेल्या मात्रेवर अवलंबून असतो आणि ती मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 450 ते 550 मिलिग्रॅमच्या पुढे सहसा नेत नाहीत. माझी एकूण मात्रा 240 होती. इथे पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कितीही चांगले ठेवले तरी स्नायूचे नुकसान टळत नाही. लक्ष ठेवायचे ते टू-डी इकोवर, ईसीजीवर नाही. पुढे मला ट्रॅस्टुझुमॅब हे स्तनाच्या कर्करोगावरचे दुसरे इंजेक्शन चालू झाले, तेव्हा दर तीन महिन्यांनी इको होत असे. एकदा हृदयाची पंपाची क्षमता 60 टक्क्यांवरून 47 वर आली म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवले आणि दोन महिन्यांनी ती 56 झाल्यावर पुन्हा सुरू केले. ट्रॅस्टुझुमॅबचा परिणाम बहुधा परतवता येतो, लाल औषधाचा तितका खात्रीने येत नाही, असे त्यांनी समजावले होते.

माझ्या शेजारच्या खाटेवरील काकांना आतड्याच्या कर्करोगासाठी कॅपेसिटाबिन होते आणि तिसऱ्याच दिवशी त्यांच्या छातीत कळ आली. त्या गटातील औषधांनी हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. तिथेही क्षारांचा संबंध नव्हता. म्हणून छातीत दुखले तर 'क्षार कमी झाले असतील, शहाळे प्या' असे कुणी म्हणू नये. सरळ रुग्णालय गाठावे.

खारघर_लोकल

माझ्या भावाला 'एपीएल' प्रकारचा रक्ताचा कर्करोग होता आणि त्याला आर्सेनिक ट्रायऑक्साइड दिले होते. होय, तेच, ज्याला आपल्याकडे सोमल म्हणतात. चीनमधील हार्बिनच्या डॉक्टरांनी 1970 च्या दशकात त्याचा या रोगावर वापर सुरू केला. औषध अतिशय गुणकारी आहे. परंतु क्यूटी लांबवण्यात त्याचा हात धरणारी औषधे थोडीच असतील.

तिथे मला उलट अनुभव आला. पहिल्याच दिवशी परिचारिकाताईंनी भिंतीवर कागद चिकटवला होता: पोटॅशियम 4 च्या वर, मॅग्नेशियम 1.8 च्या वर. लक्षात घ्या, इतर रुग्णांसाठी पोटॅशियम 3.6 असले तर अहवाल 'नॉर्मल' म्हणतो, पण याच्यासाठी ते कमी होते. आठवड्यातून दोनदा क्षार पाहिले जात आणि किमान एकदा ईसीजी होई. अहवालावरील कंसातील आकडे निरोगी माणसासाठी असतात, हे त्या कागदामुळे मला पहिल्यांदा समजले. रानजाईंच्या सासऱ्यांना हे औषध नाही, पण तीन-तीन क्यूटी लांबवणारी औषधे चालू असताना त्यांच्यासाठीही असाच वरचा आकडा डॉक्टरांना विचारून ठरवून घ्यावा, असे मला वाटते.

माळरान

माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही रोज दोन शहाळी, लिंबू-सैंधव आणि वैद्यांनी दिलेले एक भस्म असे सुरू केले होते आणि त्यांना बराच आराम वाटला. नैसर्गिक क्षारांचा अपाय होत नाही, हे करून पाहावे.

पळसफूल

माळरान, आपल्या वडिलांना आराम वाटला याचा आनंद आहे. परंतु या सल्ल्याशी मी सहमत नाही.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते, मॅग्नेशियम त्यामानाने थोडे. सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडांना खरोखरच मार बसला असेल आणि क्रिएटिनिन चढले असेल, तर पोटॅशियम साचून राहते आणि तेही हृदयाच्या ठोक्याला तितकेच घातक असते, किंबहुना अधिक. बाजारात मिळणाऱ्या 'कमी सोडियमच्या' मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. भस्मांत धातू असतात आणि इजा झालेल्या मूत्रपिंडांवर आणखी धातूंचा भार टाकण्याला माझा ठाम विरोध आहे. रक्ताच्या कर्करोगात पहिल्या केमोनंतर पेशी भराभर फुटतात तेव्हा तर पोटॅशियम, फॉस्फरस आणि यूरिक ॲसिड एकदम वाढून कॅल्शियम घसरते, तिथे शहाळे देणे म्हणजे आगीत तेल. म्हणजे 'क्षार कमी होतात' हे विधानही सगळ्यांना लागू नाही.

मॅग्नेशियमसाठी अन्नच हवे असेल तर राजगिरा, नाचणी, तीळ, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया आणि डाळी चांगल्या. मात्र 0.9 ची पातळी अन्नाने भरून येत नाही. मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी जुलाब होतात आणि जुलाबातून मॅग्नेशियमच जाते, म्हणून पातळी फार उतरल्यावर शिरेतूनच द्यावे लागते, तेही सावकाश. घाईने दिले तर रक्तातील पातळी एकदम चढते आणि मूत्रपिंडे त्यातील मोठा वाटा लगेच बाहेर टाकतात. शरीरातील एक टक्क्याहूनही कमी मॅग्नेशियम रक्तात असते, बाकीचे हाडांत आणि पेशींत. म्हणून दुसऱ्या दिवशी अहवाल चांगला आला तरी साठा भरला असे होत नाही. केमो संपल्यावरही ही गळती काही महिने, क्वचित काही वर्षेही टिकते.

प्रयोगशाळेतला

यावर एक पुरवणी. मॅग्नेशियमचे सलाईन चालू असलेल्या हातातून नमुना घेऊ देऊ नका आणि सलाईन संपताच लगेचही तपासू नका. तो आकडा सुंदर दिसतो, पण खोटा असतो.

रानजाई

सर्वांना उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. काल सहावी केमो पूर्ण झाली. आमच्या डॉक्टरांना मी चिठ्ठीवर लिहून नेलेले तीन प्रश्न विचारले तेव्हा ते जरा हसले, पण तिन्ही मान्य केले. पॅन्टोप्रॅझोल बंद करून दुसरी गोळी दिली आहे, लिव्होफ्लॉक्सासिन आणि फ्लुकोनॅझोल यांचा कोर्स आधीच संपला होता आणि उलटीचे औषध बदलले आहे. सिस्प्लॅटिनच्या आधीच्या सलाईनमध्ये मॅग्नेशियम घातले होते. परवाच्या अहवालात मॅग्नेशियम 1.6, पोटॅशियम 4.1 आणि क्रिएटिनिन 1.0 आले. नाडी 88 होती. मी स्वतः घनमूळ काढून पाहिले, क्यूटीसी 432 आला. यंत्राचा आकडा यापेक्षा जास्त होता.

नळीतून नाचणीची पेज गाळून देत आहोत; राजगिऱ्याची पेज दोनदा नळीत अडकली, म्हणून ती बंद केली. जुलाब किती वेळा झाले हे आता वहीत लिहून ठेवतो. रेडिएशनचे अजून चार दिवस बाकी आहेत आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा मॅग्नेशियम पाहायचे आहे. पळसफूल, केमो संपल्यावर ही तपासणी किती दिवसांच्या अंतराने करत राहावी, एवढे सांगाल का?

पळसफूल

पातळी स्थिर होईपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी आणि नंतर प्रत्येक फेरतपासणीच्या वेळी करावी, असे मी सुचवेन. नेमके अंतर तुमचे डॉक्टर ठरवतील. मधल्या काळात जुलाब झाले किंवा नवे अँटिबायोटिक सुरू झाले, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. 432 चा हिशेब मी तपासला नाही, पण घनमूळ काढणारी सून पाहून त्या डॉक्टरांना हसू का आले असेल, हे मला समजते.